ऑडिशनच्या खोलीत तानपुरा नसतो

दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धेची ऑडिशन देऊन आल्यापासून कोल्हापुरातील ओळखीची आणि अनोळखी मुले मला पहिला प्रश्न हाच विचारतात, की ताई, परीक्षक कसे होते? पहिल्या फेरीत पडद्यावर दिसणारे परीक्षक नसतातच. छातीवर क्रमांकाचा कागद लावून बराच वेळ रांगेत थांबल्यावर आपण एका साध्या खोलीत जातो. तेथे कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी नेमलेली दोन-तीन जाणकार मंडळी टेबलामागे बसलेली असतात आणि बाजूला एक कॅमेरा चालू असतो. आपण नाव आणि गाव सांगायचे आणि गायला सुरुवात करायची. तेथे वाद्यवृंद नसतो, पेटी नसते, कराओकेचा ट्रॅक नसतो आणि तानपुराही नसतो. मिळतो तो जेमतेम मुखडा आणि एक अंतरा होईल एवढाच वेळ, आणि पुष्कळांना अंतऱ्यापूर्वीच थांबवले जाते.

आपल्याकडची तयारी नेमकी येथेच कमी पडते, असे माझे ठाम मत झाले आहे. हल्ली बहुतेक मुले मोबाईलवर ट्रॅक लावून गाणे बसवतात. ट्रॅक आपली पट्टी, म्हणजे ज्या स्वराला ‘सा’ मानून आपण गातो तो स्वर, धरून ठेवतो, लय सांभाळतो, श्वास घ्यायला जागा देतो, आणि त्यामुळे हे सारे आपल्यालाच येते असे वाटू लागते. आधार काढून घेतला की मनावरच्या ताणामुळे माणूस नकळत नेहमीपेक्षा वरच्या स्वरात गाणे उचलतो. मुखडा सुरळीत जातो, पण अंतऱ्यात तार सप्तकात जायची वेळ आली की गळा पोहोचत नाही. ज्या मुलीची पट्टी पेटीवरची काळी चार आहे तिने त्याहून वरच्या काळी पाचमध्ये सुरुवात केली, तर वरचे स्वर ओढून-ताणून लावावे लागणार हे उघड आहे. रांगेत माझ्या पुढे असलेल्या, अतिशय गोड गळ्याच्या एका मुलीचे असेच झाले, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या आम्हा सर्वांना ते ऐकू येत होते.

यासाठी माझ्या गुरुजींनी माझ्याकडून करून घेतलेला रियाज मी येथे मुद्दाम लिहिते आहे. तानपुऱ्यावर षड्ज, म्हणजे ‘सा’, नीट लावून घ्यायचा, मग तानपुरा बंद करून मुखडा आणि अंतरा पूर्ण गायचा आणि शेवटी षड्जावर थांबून तानपुरा पुन्हा सुरू करायचा. आपला षड्ज आणि तानपुऱ्याचा षड्ज जुळला, तर आपण जागेवर आहोत. न जुळल्यास किती सरकलो हे त्याच क्षणी कळते. सुरुवातीला मी अंतऱ्यावरून मुखड्यावर परतताना हटकून थोडी चढत असे, आणि ते समजायला दुसरा कोणताही मार्ग नव्हता. ऑडिशनच्या दिवशी दाराशी उभे असताना मोबाईलच्या तानपुऱ्यावर आपला स्वर कानात भरून घेता येतो, मात्र तो आत गेल्यावर टिकतो तो या सवयीमुळेच. गाण्याची निवडही अशीच विचारपूर्वक करावी. मूळ गाण्याची शोभा ज्यात वाद्यांच्या तुकड्यांवर अवलंबून आहे, असे गाणे नुसत्या गळ्यावर पोकळ वाटते. मी सुधीर फडके यांच्या चालीतील एक भावगीत निवडले होते. १९१९ साली आपल्याच कोल्हापुरात जन्मलेल्या बाबूजींच्या चालीत शब्द आणि स्वर एकमेकांना इतके धरून असतात की साथ नसली तरी गाणे उभे राहते.

गळ्याची काळजी हा तर आपल्या गावाला परका विषय नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिलेल्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज, येथे येण्यापूर्वी, अति गाण्यामुळे बसला होता, आणि पुढे त्या बदललेल्या आवाजाला साजेशी अशी स्वतंत्र गायकी त्यांनी घडवली, हा इतिहास येथील गाणे शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. तरीही ऑडिशनच्या आदल्या दिवशी पोरे दिवसभर गात बसतात, रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने किंवा एसटीने निघतात आणि न झोपता सकाळी रांगेत उभी राहतात. शक्य असेल तर एक मुक्काम आधी करावा, आणि आदल्या दिवशी गाणे केवळ मनात म्हणावे.

दुसऱ्या फेरीनंतर माझ्याशी एका वेगळ्या विषयावर बोलणे झाले. आयुष्यात काही मोठा संघर्ष केला आहे का, घरी काही अडचण आहे का, असे मला आपुलकीने पण पुन्हा पुन्हा विचारण्यात आले. माझे वडील शाहूपुरीत दुकान चालवतात, आईने मला लहानपणापासून शिकवणीला नेले, घरात कोणी गाण्याला विरोध केला नाही. जे होते ते मी सांगितले. कार्यक्रमाला माणसाची गोष्ट लागते हे मी समजू शकते, कारण प्रेक्षक अनेक आठवडे त्या माणसाबरोबर राहणार असतात. परंतु गोष्ट गाण्यानंतर यावी, गाण्याच्या जागी येऊ नये. २००८-०९ मधील ‘लिटिल चॅम्प्स’ची विजेती कार्तिकी गायकवाड आळंदीची, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण ते ठाऊक झाले तिचा खणखणीत आवाज ऐकल्यावर. ज्या मुलांच्या घरी खरेच दुःख आहे, त्यांनी ते सांगायचे की नाही हे घरीच ठरवून जावे. कॅमेऱ्यासमोर अचानक ठरवू नये. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचावे, कारण चित्रीकरण कसे वापरायचे याचा अधिकार आपण त्यात लिहून देत असतो, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या वतीने ती सही पालकांना करावी लागते. निवड करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तेथेच बोलणे थांबवावे.

परीक्षकांसमोर जाणाऱ्यांच्या यादीत माझे नाव आले नाही. सूर पक्का आहे, पण शब्दांचा उच्चार गाण्याच्या ओघात दबतो, असे तेथील एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला सांगितले, आणि एवढ्या गर्दीत त्यांनी माझ्यासाठी तेवढा वेळ काढला याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. गुरुजींना ते पटले. सध्या आम्ही प्रत्येक गाणे आधी कविता म्हणून मोठ्याने वाचतो, जोडाक्षरे सुटी करून पाहतो, आणि मगच चालीवर येतो. पुढच्या पर्वाची नोंदणी जाहीर झाली की मी पुन्हा अर्ज भरणार आहे.