ट्रॅक्टरची मिस्त्री होताना: माझा अनुभव

मेकॅनिकच्या कामाला ताकद लागते, ते बायकांचं काम नव्हे, हे मी दहावीपासून ऐकत आले. आज यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या फाट्यावर माझं गॅरेज आहे. या वाटेवर मला सगळ्यात जड गेलं ते गाडीला हात लावायला मिळवणं. म्हणून येऊ पाहणाऱ्या पोरींसाठी सविस्तर लिहिते.

दहावीनंतर आयटीआयचे अर्ज ऑनलाइन भरतात. मोटर मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक एकेका वर्षाचे. मी दोन वर्षांचा घेतला, कारण त्यात इंजिनापासून ब्रेक-वायरिंगपर्यंत सगळं येतं. शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात आणि या ट्रेडला मुली फारशा येत नाहीत, त्यामुळे नंबर सहज लागला. अर्ज भरून देणारा पोरगा मात्र विचारत होता, "ताई, शिवणकाम टाकू का?" आईच बोलली, "काहून? तिनं सांगतलं थे टाक ना बाबू."

सुरुवातीला नुसती कानस आणि हॅकसॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत. लोखंडाचा तुकडा काटकोनात येईपर्यंत घासायचा. पोरं कंटाळायची, पण मिस्त्रीचा हात तिथंच बसतो असं माझं मत आहे. पुढं इंजिन उघडायची वेळ आली की पाने पोरांच्या हातात आणि नोंदवही आम्हा पोरींकडे. मी सरांना स्पष्ट सांगितलं, "सर, जॉब मी करते, नोंद दुसरं कोणी लिहील." सरांनी ऐकलं. चार सिलिंडरच्या इंजिनाचे टॅपेट मी लावले, म्हणजे व्हॉल्व्ह (हवा-धूर आत-बाहेर सोडणारी झडप) आणि तिला ढकलणारा भाग यांच्यातली फट जुळवली. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२ असेल तर चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलायला लागले की पहिल्याचे टॅपेट मोकळे सापडतात. तिथं फिलर गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, घालून गॅप बघायची. फिलर ओढताना किती अडला पाहिजे, हे नोंदवही लिहून कधीच कळलं नसतं.

आता ताकदीचं. गिअरबॉक्स कोणताच मिस्त्री हातानं उचलत नाही, त्याला चेन कप्पी असते. क्लच प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवतात. तिथं जॅक आणि स्टँड नीट लागले नाहीत तर पहिलवानही काही करू शकत नाही. गंजलेला नट सुटत नसेल तर पान्याला पाईप लावायचा. आणि इंजिनाच्या हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, बोल्ट जोराच्या अंदाजानं आवळतच नाहीत. मधून बाहेर, ठरलेल्या क्रमानं, किती जोर लागला ते मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं.

अंगावरच्या वस्तूंबाबत मात्र मी कडक आहे. अंगठी, साखळी, धातूची बांगडी काढायचीच, बॅटरीच्या दोन टोकांत धातू आला की भाजलंच. वेणी टोपीत, ओढणी घरी. माझे मोकळे हात आजीला खुपायचे. तिला एकदा फिरता फॅनबेल्ट जवळून दाखवला. तेव्हापासून टोकणाऱ्या बायकांना तीच उत्तर देते.

आयटीआय झाल्यावर एका खाजगी गॅरेजात लागले, तर तिथं पावत्या लिहायला बसवलं. संडासाचीही सोय नव्हती. सोडलं. मग यवतमाळला एसटीच्या विभागीय कार्यशाळेत अप्रेंटिसशिप मिळाली, आणि तिथं खरं काम हाताखाली आलं. ब्रेक लायनर, क्लच, एअर ब्रेकची गळती, सगळं. वस्ताद कडक होते, पण शिकवताना पोरगा-पोरगी करत नसत. कुठंही शिकायला जाताना बाथरूमची सोय आधी विचारा, यात लाजायचं काही नाही.

गावात पहिलं काम मिळालं ते सोयाबीनच्या हंगामात. मळणी अर्धवट, आभाळ भरून आलेलं आणि डिझेल संपून ट्रॅक्टरनं एअर घेतलेली, म्हणजे डिझेलच्या पायपात हवा शिरलेली. तालुक्याचा मिस्त्री दुसऱ्या शेतात अडकला होता. काका म्हणाले, "तुले जमते का, पोरी?" डिझेल भरलं. फिल्टरचा स्क्रू सैल करून ट्रॅक्टरवरचा डिझेलचा हातपंप मारत राहिले, बुडबुडे थांबल्यावर आवळला. तसंच इंजेक्शन पंपावर. शेवटी इंजेक्टरच्या पायपांचे नट ढिले करून स्टार्टर मारायला लावला, डिझेल आलं तसे आवळले. इंजिन लागलं आणि पाऊस यायच्या आत मळणी आटोपली. त्यानंतर त्या शिवारातल्या कोणी मला जमतं का असं विचारलं नाही.

गॅरेजसाठी पीएमईजीपी या, स्वतःचा धंदा काढायला कर्ज-अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतून कर्ज घेतलं. ग्रामीण भागात महिलांना स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात आणि ३५ टक्के अनुदान असतं. पण हे अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, हे हिशेबात धरा. एका बँकेत "भावाला घेऊन या" असं ऐकावं लागलं. मी प्रमाणपत्रं, हत्यारांची कोटेशनं आणि जागेचे कागद घेऊन पुन्हा तिथंच गेले, एकटीच.

आता शिक्षिका, आशाताई, बचत गटाच्या बायका स्कूटी घेऊन येतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम लागू झाल्यावर नव्या स्कूटींना पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर जाऊन सेन्सरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन आलं. त्यातला बिघाड बऱ्याचदा नुसत्या कानानं ओळखता येत नाही, गाडीतल्या कॉम्प्युटरनं नोंदलेला बिघाड वाचणारा स्कॅनर लावावा लागतो. म्हणून कर्जाचं कोटेशन काढताना स्कॅनर पहिल्याच यादीत टाका.