म्हशीवर मुलं चढतात, त्याचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, कुठंही हा प्रश्न येतोच: "भंगारातून एवढं खपून शिल्पं करता आणि उघड्यावर ठेवता. मुलं वर चढतात, लोंबकळतात. 'हात लावू नये' अशी पाटी का नाही लावत?"

पाटीच लावायची असती तर भंगार कशाला गोळा केलं असतं? माझं बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगराला लागून गेलं. लेथखाली पडलेली पोलादाची कुरळी साल हातात घ्यायची आणि बोट कापून घरी यायचं, हे शाळेइतकंच नेमानं चाले. ओळखीची वस्तू भलत्या जागी दिसली की माणसाचा हात आपोआप पुढं जातो. संगमरवराकडं माणूस बघतो, पण माझ्या भंगाराच्या म्हशीला सायकलच्या सीटचे कान दिसले की तो ते पिरगाळून पाहतोच.

ही म्हैस एका बागेत झाडाखाली बसलीय. बरगड्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या, पाठ ऑइलच्या बॅरलची, शिंगं सायकलच्या हॅन्डलची. शिंगांची कल्पना माझी नव्हे. पिकासोनं १९४२ साली एक सीट आणि एक हॅन्डल जोडून बैलाचं डोकं केलं. ते आता पॅरिसच्या म्युझियममध्ये आहे, म्हणजे हात लावायची सोय नाही. मला जवळचे वाटतात ते चंडीगडचे नेकचंद. सरकारी खात्यातला रस्ते निरीक्षक. १९५७ पासून हा माणूस नवं शहर वसवताना पाडलेल्या गावांचा राडारोडा आणि फुटक्या बांगड्या जंगलात नेऊन गुपचूप बाहुल्या उभ्या करत होता. ती बाग लोकांसाठी उघडली १९७६ मध्ये. पुढं त्यांनी तिथं कमानींखाली मोठमोठे झोके टांगले. त्यावर बायाबापड्या साड्या सावरत झोके घेतात.

मात्र चढू द्यायचं तर काम दुप्पट होतं. पाट्याचं पोलाद कडक, थंड असताना वेल्डिंग केलं की जोडाशेजारी तडा जातो. म्हणून आधी तापवायचं आणि नंतर राखेत पुरून सावकाश गार होऊ द्यायचं. रिकाम्या बॅरलला आत धुतल्याशिवाय गॅस कटर लावायचा नाही, उरलेल्या वाफेनं तो बॉम्बसारखा फुटतो. शॉकॲब्सॉर्बर तर मी कापतच नाही, आत दाब कोंडलेला असतो. दोन बरगड्यांमधली फट ८ सेंटिमीटरच्या आतच ठेवतो. ९ ते २३ सेंटिमीटरची फट वाईट, धड आत जातं आणि डोकं अडकतं. सगळं झालं की आईच्या जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा अंगभर फिरवायचा. जिथं धागा अडकेल तिथं पुन्हा ग्राइंडर. आणि जागा सावलीतलीच हवी. एप्रिलच्या दुपारी उन्हातल्या लोखंडाला एकदा हात लावून बघा.

इतकं करूनही चुकलोच. शेपटी सायकलच्या चेनची केली होती, छान हलायची. पहिल्याच दिवशी भाचीचं बोट कडीत चिमटलं. "मामा, तुझी म्हैस चावते," असं ती रडत रडत सगळ्या बागेला सांगत सुटली. मग एकेक कडी टाके मारून बंद केली, तर शेपटी सळईसारखी ताठ. शेवटी सरळ कासरा आणून बांधला. दरवर्षी तो झिजतो, दरवर्षी मी नवा बांधतो.

दुसऱ्या एका गावी माझ्या शिल्पाभोवती रेलिंग घातलं गेलं. मला विचारलंही नाही. आता मुलं त्या रेलिंगवर चढतात. त्याला साडी कुणी फिरवलेली नाही.

म्हशीच्या बरगड्या मात्र मुलांच्या चड्ड्यांनी घासून चकचकीत झाल्यात, तिथं गंज धरायला उसंतच नाही. अधूनमधून कुणीतरी पुढ्यात ओला चारा टाकतं. गेल्या दिवाळीत पाडव्याला, गावातल्या म्हशी सजून निघाल्या तेव्हा, हिचीही शिंगं कुणी तरी रंगवून गेलं. भडक गुलाबी. हॅन्डलच्या क्रोमवर रंग धरत नाही म्हणून मी ती तशीच सोडली होती. सगळा पावसाळा गेला तरी तो गुलाबी निघालेला नाही. रंग कुठला होता, ते विचारायला मी माणूस शोधतोय.