सिव्हिल लाइन्समधलं दृष्टिभ्रमाचं प्रदर्शन: जायचं असेल तर

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये शिल्पं आणि दृष्टिभ्रमाच्या कलाकृतींचं प्रदर्शन लागलंय. रविवारी संध्याकाळी जाऊ नका, हे आधीच सांगून टाकते. इथलं प्रत्येक काम मागेपुढे सरकून, मान वाकडी करून बघायचं आहे. गर्दीत मागे सरकायला जागाच मिळत नाही. आम्ही मधल्या वारी, दार उघडल्या उघडल्या गेलो आणि पहिला तासभर दालन जवळजवळ आमचंच होतं.

मेट्रोने आलात तर झीरो माईल किंवा कस्तुरचंद पार्क स्टेशनवर उतरा. तिथून ऑटो मिळतो, सकाळची वेळ असेल तर चालतही जाता येतं. वर्ध्याकडून, भंडाऱ्याकडून रेल्वेने येणाऱ्यांनी नागपूर स्टेशनवरून मेट्रो धरावी आणि सीताबर्डीला लाइन बदलावी.

दारातच जमिनीवर आणि भिंतीवर रंगवलेली चित्रं आहेत: दरीवरचा पूल, तोंड उघडलेली मगर वगैरे. सगळी तरुण मंडळी तिथेच फोटोंसाठी खोळंबलेली असतात. माझ्या मते तिथे पाच मिनिटंसुद्धा जास्त झाली. खरा माल आतल्या खोलीत आहे.

आतल्या भिंतीवर एक पांढरा मुखवटा आहे. लांबून बघितला तर साधा, पुढे आलेला चेहरा. आपण डावीकडे गेलो की तोही मान वळवून आपल्या मागे बघतो. शेजारी उभे असलेले एक आजोबा जोरात म्हणाले, "अबे, हा तं माह्या मांगं मांगं पाहून राहिला!" प्रत्यक्षात तो मुखवटा आतून पोकळ आहे. नाक भिंतीत खोल गेलंय, पुढे काहीच नाही. जन्मभर आपण पुढे आलेलेच चेहरे बघितलेले, त्यामुळे खोलगट चेहरा मानायला मेंदू तयारच होत नाही. त्यात दिवा खालून लावलाय. उजेड वरूनच येतो हे आपण गृहीत धरतो, म्हणून कपाळावरची चमक बघून फसवणूक आणखी पक्की होते. तिथे मदतीला असलेली चित्रकलेची विद्यार्थिनी सांगते, "काकू, एक डोळा झाका अन् मागे जा." तसं करा. मग दोन्ही डोळे उघडून हळूहळू जवळ या. हातभर अंतरावर आलात की चेहरा एकदम आत जातो. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतला फरक त्या अंतरावर इतका वाढतो की मेंदूला हट्ट सोडावा लागतो. ही पलटी खाण्याची जागा प्रत्येकाची थोडी वेगळी. आमच्या घरातल्या पोरांनी त्यावरच अर्धा तास काढला.

म्हणूनच मोबाइल आधी पर्समध्ये ठेवा. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, तो प्रत्येक वेळी फसतो. फोटोत भ्रम छान येतो, पण तो मोडतानाची गंमत त्यात कधीच येत नाही. अगदी हवंच असेल तर चालत चालत व्हिडिओ काढा.

पुढे लोखंडी पट्ट्यांचा अशक्य त्रिकोण आहे, म्हणजे चित्रात दिसतो पण प्रत्यक्षात जुळूच शकत नाही असा. स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सव्हार्ड यांनी अशी आकृती 1934 मध्ये काढली होती. लायोनेल आणि रॉजर पेनरोझ या पितापुत्रांनी 1958 मध्ये ती लेखातून मांडली आणि नाव त्यांचं पडलं. जमिनीवरच्या खुणेवर उभं राहिलं की तिन्ही कोपरे जुळतात, पाऊलभर सरकलं की त्रिकोण उघडा पडतो. खूण मोठ्यांच्या उंचीच्या हिशेबाने केली आहे, पोरांना उचलून घ्या. चश्मा बायफोकल, म्हणजे लांबच्या-जवळच्या दोन्ही नंबरांचा असेल तर मान वरखाली न करता एकाच भागातून बघा.

मला सगळ्यात आवडलं ते सायकलची चेन, नट खोलायचे पाने आणि जुने गिअर वेल्डिंग करून बनवलेलं भंगाराचं शिल्प. समोरून नुसता ढीग, आणि भिंतीवर सावली पडते ती फांदीवर बसलेल्या पक्ष्याची. दिवा आणि शिल्प यांच्या मध्ये उभं राहू नका, मागचे लोक ओरडतात.

हे सगळं परदेशी डोक्यातून निघालंय असं एक फलक वाचून वाटतं, ते काही पटलं नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या खांबावर चार हरणांना मिळून एकच डोकं कोरलंय. कोणत्याही हरणावर नजर ठेवा, डोकं त्याचंच वाटतं. तमिळनाडूत दारासुरमच्या देवळात बैल आणि हत्ती असेच एका डोक्यात आहेत. प्रदर्शनात यातलं एखादं छायाचित्र तरी हवं होतं, विशेषतः ज्यांच्या काळात अजिंठ्याचं ते लेणं झालं त्या वाकाटकांची राजधानी असलेलं नगरधन रामटेकजवळ असताना.

म्हणून त्याच फेरीत अजब बंगला करा. 1863 पासूनचं हे संग्रहालय सिव्हिल लाइन्समध्येच आहे, सोमवारी बंद असतं. तिथल्या दगडी मूर्ती समोरून बघून पुढे जाऊ नका. बाजूला सरका, खिडकीचा उजेड तिरपा पडेल अशी जागा शोधा. झिजलेले ओठ, दागिने तिथून उठून दिसतात. आधी भ्रमाची खोली आणि मग मूर्ती हाच क्रम ठेवा, डोळे तयार झालेले असतात.

पोटपूजा आधी उरका, सकाळी तर्री पोहे खाऊन निघालेलं बरं. एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर बारापर्यंत दोन्ही ठिकाणं आटोपा. दुपट्टा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा, आणि परतीच्या ऑटोचे पैसे बसण्याआधी ठरवा.