तुम्ही विचारलंत म्हणून : पेशी बोलतात म्हणजे काय करतात?

‘पेशी एकमेकींशी बोलतात म्हणजे नेमके काय करतात, आणि ते पाहायला मासे कशाला हवेत?’ असे मला नेहमी विचारले जाते. माशांचे उत्तर सोपे आहे. झेब्राफिशचा गर्भ आईच्या शरीराबाहेर वाढतो आणि पारदर्शक असतो. बारीक चिमट्याने कवच सोलून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की जिवंत पेशी जागा बदलताना दिसतात.

पेशीपटलात रोवलेल्या प्रथिनांपैकी नॉच हे ग्राही, म्हणजे निरोप घेणारे, आणि डेल्टा हे त्याचे जोडीदार. संप्रेरके रक्तातून दूर पोहोचतात. डेल्टा मात्र आपल्या पेशीलाच जखडलेले असल्याने त्याचा निरोप बहुधा खेटून असलेल्या शेजारणीलाच मिळतो. डेल्टाने नॉचला धरले, की डेल्टाची पेशी ते आत ओढू लागते, त्या ताणाने नॉच उलगडते, विकरे त्याला कापतात आणि आतला तुकडा सुटून थेट केंद्रकात जाऊन जनुके चालू करतो. एकदा कापलेले नॉच पुन्हा कामाचे नसते. निरोपागणिक निरोप्याच खर्ची पडावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

या निरोपाने काय साधते, हे मणक्यांकडे पाहून कळते. पृष्ठवंशी गर्भात मणक्यांच्या आधी ऊतीचे ठोकळे जोडीजोडीने तयार होतात : झेब्राफिशमध्ये २८.५ अंश सेल्सिअसला साधारण अर्ध्या तासाला एक जोडी, कोंबडीत ९० मिनिटांना. जीवशास्त्रज्ञ ऑलिव्हिये पूर्किए यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवले, की कोंबडीच्या गर्भातल्या या भावी ठोकळ्यांच्या पेशींमध्ये एक जनुक त्याच ९० मिनिटांच्या आवर्तनाने चालू-बंद होते. हे घड्याळ नॉच चालवते, असे मानणे साहजिक होते. पण डेल्टा बिघडलेल्या झेब्राफिशमध्ये सुरुवातीचे, डोक्याकडचे काही ठोकळे व्यवस्थित होतात आणि त्यानंतरचेच विस्कटतात. नॉचवाचून घड्याळ चालतच नसते, तर पहिल्या ठोकळ्यापासून गोंधळ दिसायला हवा होता. म्हणून २००० च्या सुमारास असा अर्थ पुढे आला, की प्रत्येक पेशी आपला ठेका स्वतःच धरते आणि नॉच-डेल्टा शेजारणींना एका तालात ठेवतात. भजनातल्या टाळकऱ्यांना एकमेकांचे टाळ ऐकू येईनासे झाले, तर सुरुवातीला कोणाच्या लक्षातही येणार नाही, हळूहळू मात्र ताल फाटेल, तसेच हे.

माणसात डीएलएल३ या डेल्टा-कुळातल्या जनुकात बिघाड असेल, तर जन्मतःच मणके आणि बरगड्या वेड्यावाकड्या घडलेल्या असतात. मात्र माशाचे उत्तर सस्तन प्राण्यांना जसेच्या तसे लावता येत नाही, कारण उंदरात नॉचचा निरोप पूर्ण तोडल्यास ते आवर्तनच बंद पडते आणि ठोकळे तयार होत नाहीत.