कळण्याची बोटं, भरिताची दलदल

३१ ऑक्टोबरला हॅलोविनची वेषभूषा पार्टी ठेवली असेल, तर खाण्याचं ठरवताना आधी पाहुण्यांच्या हातांचा विचार करा. एकाच्या हातात झाडू, दुसऱ्याच्या तोंडावर मुखवटा, तिसरीचा झगा भाड्याचा. ताट घेऊन कोणी बसणार नाही. पदार्थ दोन घासांत संपणारा आणि न गळणारा हवा. खायच्या रंगाच्या बाटल्या आणण्याआधी घरातले डबे उघडा. कळण्याच्या पिठाला जो मढ्यासारखा करडा रंग असतो, तो बाटलीतून येत नाही.

हडळीची बोटं त्याचीच करायची. कळण्याचं पीठ (ज्वारी आणि सालासकट काळे उडीद) १ वाटी, कणीक अर्धी वाटी. कणीक वगळू नका. नुसत्या कळण्याला ताण नसतो, बोटं तेलात तुकडे होतात. तिखट १ चमचा, मीठ, ओवा, आणि कडकडीत तेलाचं मोहन २ पोह्याचे चमचे. मोहन जास्त झालं की बोटं विरघळतात, कमी झालं की दगड होतात. तीळ घातले तर चामखिळीसारखे दिसतात, तेव्हा जरूर घाला. कोमट पाण्यात पुरीपेक्षाही घट्ट मळून २० मिनिटं झाकून ठेवा.

वळताना करंगळीपेक्षा बारीक वळायची: ८ मिलिमीटर जाड, ७-८ सेंटिमीटर लांब. तळताना थोडी फुगतात, जाड वळली तर हडळीची न राहता पैलवानाची होतात. दोन ठिकाणी चिमटून पेरं काढा, पेरांवर सुरीच्या पाठीने तीन-तीन रेघा ओढा. टोकाला सोललेला अर्धा बदाम दाबून खळगा पाडा आणि बदाम काढून घ्या. बदाम लावूनच तळला तर तो करपतो किंवा कढईत सुटून जातो.

मंद-मध्यम आचेवर ७-८ मिनिटं तळा. घाई केली तर वरून तांबूस आणि आत कच्ची राहतात, अर्ध्या तासात मऊ पडतात. शिवाय करडा रंग गेला की सगळी मजा गेली. जाळीवर उघडी गार करा. गरम असताना डब्यात भरली तर वाफ धरते. वाढायच्या आधी खळग्यात टोमॅटो सॉसचा थेंब सोडून बदाम दाबायचा. कडेने जे ‘रक्त’ बाहेर येतं ते पुसू नका. चार वर्षांखालच्या पोरांसाठी बदामाऐवजी चीज स्लाइसचं नख कापा. एवढ्या पिठात ४५-५० बोटं होतात.

दलदलीसाठी भरीत आहेच, पण हिरव्या वांग्यांचं. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजली तर उत्तम, नाहीतर गॅसवर. सोलून गर २० मिनिटं चाळणीत निथळू द्या, कारण पुरीत भरायचं तर पाणी नको. ठेचलेली हिरवी मिरची-लसूण तेलात परतून त्यात गर, शेंगदाणे, कांद्याची पात. हळद आणि लाल तिखट अजिबात नको, हिरवा रंग मरतो. पाणीपुरीच्या पुऱ्यांत चमचाभर भरा आणि वर केळीच्या लांब वेफर्सचा तुकडा उभा खोचा, की झालं थडगं. अर्ध्या किलो वांग्यांत ३०-३५ पुऱ्या भरतात, पण वाढायच्या १० मिनिटं आधीच. त्याआधी भरल्या तर पुरी बसते आणि थडगं आडवं होतं.

डोळ्यांसाठी छोट्या इडल्या, वर गाजराची चकती, मधे काळी मनुका. शिरा सॉसमध्ये बुडवलेल्या दातकोरण्याने ओढा. बीटचा रस इडलीत पसरतो आणि डोळा आल्यासारखा दिसतो.

गोडाला केळ्याची भुतं. केळी पिवळीधमक पण कडक घ्या, ठिपके पडलेली उभी राहत नाहीत. अर्धी कापून, १ वाटी पाण्यात १ चमचा लिंबाचा रस घालून त्यात बुडवून काढा. हवा लागून केळं काळं पडतं, ते लिंबामुळे लांबतं, थांबत नाही. म्हणून लगेच सुक्या खोबऱ्याच्या बारीक किसात घोळवा, तपकिरी पाठ खरवडून घेतलेल्या खोबऱ्याच्या. चॉकलेट चिप्सचे दोन डोळे, आणि तोंडासाठी तिसरी उलटी खोचलेली.