चमच्यामागची आडनावं

सध्या जेवणं झाली की मी जुन्या अमेरिकन चांदीच्या भांड्यांचे फोटो बघत बसायलो, घरचे म्हणायलेत याला येड लागलं, पण त्या चमच्यांच्या पाठीवरचे शिक्के वाचायचा नाद एकदा लागला की सुटत नाही बघा.

तिकडं १७८० च्या आधी बँकाच नव्हत्या. मग पैसेवाला माणूस स्पॅनिश चांदीचे डॉलर सोनाराकडं न्यायचा अन् आटवून पेले, चमचे, किटल्या करून घ्यायचा. आपल्याकडं निजामाच्या काळात हाली रुपये आटवून तोडे-वाळे केलेच की. त्यावर घराण्याची अक्षरं कोरायची, वर आडनावाचं, खाली नवरा-बायकोचं, म्हणजे चोर सापडला तर माल कुणाचा ते ओळखू येतंय. बोस्टनचा पॉल रिव्हिअर, तोच तो, तिकडंबी इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा, १७७५ ला रात्री घोड्यावरून इंग्रज फौज निघाली म्हणून खबर देत गेलेला, तो मुळात चांदीचा कारागीर. १७६८ चं त्याचं एक मोठं बाउल बोस्टनच्या म्युझियममध्ये आहे, इंग्रज सरकारपुढं न झुकलेल्या ९२ आमदारांच्या सन्मानार्थ केलेलं, अन् त्यावर ते करवून घेणाऱ्या १५ जणांची नावं. राजद्रोहच की हो, तोही नावानिशी!

पुढं तिकडच्या नेवाडा राज्यात १८५९ ला चांदीच्या खाणी लागल्या अन् सगळा थाटच बदलला. जॉन मॅके म्हणून आयर्लंडहून आलेला गरिबाचा पोरगा, खाणमालक झाला आणि बायकोसाठी स्वतःच्या खाणीतली अर्धा टन चांदी न्यूयॉर्कच्या टिफनी या बड्या सराफी पेढीकडं पाठवून दिली. २४ माणसांच्या पंगतीचा सेट, नग १,२५० च्या वर. आता २४ माणसाला एवढं लागतं कशाला म्हणाल तर माशाचा काटा वेगळा, आइस्क्रीमचा वेगळा. मला विचाराल तर हा निव्वळ माज, साधा झिजलेला चमचा जास्त आवडतो, ज्याची एकच कड पातळ झालेली असते कारण घरात सगळे उजव्या हातानं खरवडणारे.

गंमत म्हणजे बाजारात अक्षरं कोरलेल्या मालाला बऱ्याचदा भाव कमी येतो, दुसऱ्याचं आडनाव कोण घेणार. म्हणून काहीजण ते घासून काढतात, त्यानं पत्रा पातळ होतो, अन् तिथं तोंडाची वाफ सोडली तर कधीकधी जुनी अक्षरं परत दिसतात! घेणारे जाणकार हे हमखास करून बघतात.

अन् १९८० च्या जानेवारीत टेक्सासच्या हंट बंधूंच्या साठेबाजीनं चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली, तेव्हा कितीतरी घरांनी आज्या-पणज्यांचे सेट सरळ भट्टीत घातले. नावं ठेवायला आपण तरी कुठं मोकळे आहोत, आमच्याकडं सराफ्यात चांदीच्या तांब्यावर आज्जीचं नाव असो का पणजीचं, सराफ तो काट्यावर टाकतो, घट धरतो अन् मोडीचा भाव सांगतो, आपणबी मुकाट्यानं पैसे मोजून घेतो.