दीड गुंठ्याची पाचर

मोजणीच्या गावात मी कुणाच्याच घरी चहा घेत नाही. अर्जदाराकडे घेतला तर लगतधारक, म्हणजे शेजारच्या रानाचा मालक, म्हणतो साहेब तिकडचे झाले, आणि लगतधारकाकडे घेतला तर अर्जदार तोंड फिरवतो. भूकरमापकाच्या नोकरीला लागल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, थर्मास घरून नेतोय. त्या दिवशीही बांधावरच्या लिंबाखाली थर्मास उघडून बसलो होतो. मार्च महिना. शाळू काढून रानं मोकळी झालेली, आणि अकरा वाजताच डोळे दिपतील असं ऊन.

सीनेकाठचं गाव. नाव लिहीत नाही, कारण ही माणसं अजून एकाच वाटेने रानात जातात. वाद दोन चुलत भावांचा, एका बांधावरून, आणि दावा कोर्टातही गेलेला. बांधाच्या पश्चिम टोकाचा दगड जागेवर होता. पूर्व टोकाचा दगड नव्हताच. धाकट्यांचं म्हणणं, थोरल्यांच्या घराने बांध कोरून कोरून आमच्यात सरकवला. थोरल्यांचं म्हणणं, मला कळायला लागल्यापासून बांध इथंच आहे. दोघंही खोटं बोलत नव्हते, हे मला संध्याकाळी कळलं.

हद्द कायम मोजणीत, म्हणजे जुन्या नकाशावरून हद्द पुन्हा दाखवून देण्यात, मशीनचं काम सोपं असतं. आम्ही शिकलो तेव्हा साखळी होती, ३३ फुटांची, १६ आण्यांची. ३३ फूट लांब आणि तेवढाच रुंद तुकडा म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आता रोव्हर आलाय. काठी उभी करायची, उपग्रहाचा सिग्नल स्थिर झाला की बिंदू मिळतो. अवघड असतं ते सगळ्या लगतधारकांना एका वेळी रानात उभं करणं. उत्तरेकडचा शेतकरी सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा घेऊन गेला होता. तो आल्याशिवाय मी सुरुवात करणार नव्हतो. एकाच्या पाठीमागे केलेली मोजणी गावात टिकत नाही.

थोरले म्हणाले, "सुरू करा की साहेब, ऊन चढायलंय." मी नाही म्हटलं. मग सगळे एकाच लिंबाखाली बसले, पण खोडाच्या दोन बाजूंना.

शाळा सकाळची होती. थोरल्यांची आठवीतली मुलगी आणि धाकट्यांचा सहावीतला मुलगा रोव्हर बघायला आले. मुलीने विचारलं, "साहेब, देशाची हद्द पण अशीच मोजतात का?"

माझ्या फोनमध्ये जगभरच्या सीमांचे फोटो आणि नकाशे आहेत. गेली कित्येक वर्षं जमवतोय. हे वेड आजीमुळे लागलं. तिचं माहेर तुळजापूरच्या बाजूचं. सोलापूरपासून तुळजापूर जेमतेम ४५ किलोमीटर, पण तिच्या लहानपणी तो निजामाचा मुलूख होता. सोलापूर इंग्रजांकडे, अक्कलकोट संस्थानाकडे, आणि तुळजाभवानीला जायचं तर दुसऱ्या राज्यात जायचं. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहूनच नळदुर्गाच्या दिशेने निघालं आणि चार-पाच दिवसांत हैदराबाद शरण आलं. आज त्या हद्दीवरून एसटी जाते तेव्हा कुणी मान वर करून बघतही नाही. इतका धाक असलेली रेघ इतक्या लवकर विरते कशी, हे मला तेव्हापासून पडलेलं कोडं आहे.

मुलांना पहिल्यांदा बार्ले दाखवलं. नेदरलँड्समधलं गाव, पण त्याच्या पोटात बेल्जियमचे २२ तुकडे, आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे सात. मुळात ही बाराव्या शतकापासूनची सरदारांमधली जमिनीची वाटणी. पुढे देश झाले, पण वाटणी तशीच राहिली. रस्त्यावर पांढऱ्या फुल्या मारून हद्द दाखवली आहे, ती हॉटेलांतून आणि घरांतून जाते. घर कुठल्या देशाचं, हे पुढचं दार कुठं उघडतं त्यावरून ठरवायची तिथली रीत. एका घराच्या तर दारातूनच रेघ गेली आहे, म्हणून त्याला दोन देशांचे दोन घरनंबर.

"मग ते कर कुणाला भरतात?" हा प्रश्न झाडाच्या पलीकडून आला. धाकटे ऐकत होते.

मग मी आपल्याकडचं सांगितलं. कूचबिहारच्या बाजूला भारताचे १११ तुकडे बांगलादेशात होते आणि बांगलादेशाचे ५१ भारतात. त्यातला एक तुकडा म्हणजे नुसतं तागाचं रान. ते भारताचं, त्याच्याभोवती बांगलादेशाची जमीन, तिच्याभोवती भारताची, आणि तिच्याभोवती पुन्हा बांगलादेश. मी काठीने मातीत चार वर्तुळं काढून दाखवली. या तुकड्यांतल्या माणसांची कथा वाचून मला झोप लागली नव्हती. आपल्याच देशाची शाळा आणि दवाखाना परक्या हद्दीपलीकडे, घरात वीज नाही, तक्रार करायला पोलीस नाही. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली, तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास माणसांना आपण कुठल्या गावचे, हे पहिल्यांदा सरळ सांगता आलं. नकाशावर रेघ ओढणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असायला हवी असं मला वाटतं.

मुलांना बेरिंगच्या सामुद्रधुनीतली दोन बेटं फार आवडली. एक रशियाचं, एक अमेरिकेचं, मध्ये चारेक किलोमीटर पाणी, आणि मधूनच तारखेची रेघ. इकडे रविवार असेल तर समोर सोमवार दिसतो. मला मात्र सगळ्यांत जवळचं वाटतं ते बिदासोआ नदीतलं फेझंट बेट. स्पेन आणि फ्रान्स यांच्यामध्ये दोनेकशे मीटर लांबीचं, झाडांनी भरलेलं, निर्मनुष्य. १६५९ साली दोन्ही राज्यांचा तह या बेटावर झाला. आता फेब्रुवारी ते जुलै ते स्पेनचं, ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सचं.

"म्हंजी पाळी," थोरले म्हणाले. "आमच्या हिरीच्या पाण्यावानी."

मी विचारलं, विहीर सामाईक आहे का? सामाईक होती. तीन दिवस यांच्याकडे, तीन दिवस त्यांच्याकडे. बांधावरून बारा वर्षं बोलणं बंद, पण पाण्याची पाळी एकदाही चुकली नव्हती. ते दोघांनीही सांगितलं, एकमेकांकडे न बघता.

एवढ्यात थोरल्यांची आई भाकरी घेऊन आली. पंचाहत्तरीच्या असतील. त्या टेकल्या, आणि मी शेवटची गोष्ट सांगत होतो ती त्यांच्या कानावर पडली. नेपोलियनच्या पराभवानंतर १८२० साली फ्रान्सची आजच्या बेल्जियमकडची हद्द तहाने पक्की झाली. १८१९ साल कोरलेला तिथला एक हद्दीचा दगड बेल्जियमच्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला आडवा येत होता. त्याने उचलून पलीकडे सरकवला, २.२९ मीटर, म्हणजे साडेसात फूट. त्याच्या मनात काही नव्हतं, पण बेल्जियम तेवढा मोठा झाला आणि फ्रान्स लहान. २०२१ साली जुन्या खुणा बघत रानातून फिरणाऱ्या एकाच्या ते लक्षात आलं. दोन्ही गावच्या महापौरांनी ते समजुतीने घेतलं. दगड मागे गेला नसता तर १९३० नंतर न बसलेला दोन देशांचा सीमा आयोग बसवावा लागला असता.

मुलं हसली. आजी हसल्या नाहीत. भाकरीचं फडकं सोडायचं विसरून बांधाकडे बघत राहिल्या. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

दीड वाजता कांदेवाले आले आणि मी काम सुरू केलं. पश्चिमेचा दगड घेतला, शेजारच्या गटांचे जागेवर असलेले दगड आणि शिवेवरचा दगडही घेतला, आणि ते जुन्या टिप्पणाशी, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीशी, जुळवले. सगळं नीट बसलं. नाहीसा झालेला पूर्वेचा बिंदू थोरल्यांच्या रानात, उभ्या बांधापासून पाच फूट आत निघाला. मी तीनदा तपासला, मग चुना टाकला. बांधाची लांबी ६६० फूट, एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला पाच फूट. म्हणजे दीड गुंठ्याची पाचर. तेवढ्यासाठी एका घरच्या लग्नाला दुसरं घर गेलं नव्हतं.

थोरल्यांचा चेहरा लाल झाला. "मशीन चुकतंय. मी निमताना मोजणी लावतो. वरिष्ठांना आणतो इथं." वरिष्ठांकडून अशी फेरमोजणी मागणं हा त्यांचा हक्क होता, आणि मी तसं सांगितलं.

"लावू नगंस," आजी म्हणाल्या.

त्या उठून चुन्याच्या फुलीपाशी गेल्या. "हितंच व्हता दगड. भात्तरचा दुष्काळ सरला त्या साली तुझ्या बापाच्या नांगराचा फाळ दोनदा मोडला त्येच्यावर. म्हून काढला आन् गाडीत घालून घरी आणला. बांध मागनं घातला, अंदाजानं. कुणाचं घ्यावं म्हून न्हाई घातला." थोडं थांबून म्हणाल्या, "मी धुणं धुती त्यो कंचा दगड हाय, कुणी इचारलं न्हाई मला."

आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. हौदाशेजारी दगड होता. वरचा वीतभर भाग घडीव, खाली अनघड, एक अंग पन्नास वर्षांच्या धुण्याने गुळगुळीत झालेलं. असे दगड मी शेकड्यांनी पाहिलेत. खाली वाकून हात लावला तेव्हा तो ओला होता.

दगडाच्या सांगण्यावर मोजणी ठरत नाही, नकाशावर ठरते, आणि बिंदू मी आधीच दिला होता. पण तो मान्य झाला दगड बघून. थोरले बराच वेळ गप्प उभे होते. मग गोठ्यात गेले आणि पहार घेऊन आले.

निशाण्या दाखवणं माझं काम, दगड रोवणं खातेदारांचं. धाकट्यांच्या ट्रॉलीतून दगड रानात गेला. खड्डा हात-दीड हात झाला तेव्हा तळाशी चिपा लागल्या, जुन्या, मातीत घट्ट बसलेल्या. मूळ दगडाला दिलेला आधार. धाकट्यांचा मुलगा एकेक चिप मोजत होता. मी कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कोर्टातल्या दाव्याचं काय करायचं हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं नाही, मीही विचारलं नाही.

निघताना आजी दारात होत्या. हौदाशेजारी दगडाचा चौकोनी खळगा उरला होता आणि त्यात पाणी साचायला लागलं होतं.

"आता उद्या धुणं कशावर धुऊ?" त्या म्हणाल्या. विचारलं कुणाला ते कळलं नाही.

"काकू, आमच्याकडं शहाबादी फरशी पडलीय," धाकटे ट्रॉलीवरून म्हणाले. "सांच्याला आणून टाकतो."

"जाड बगून आण," आजी म्हणाल्या. "पातळ लगीच फुटती."